वळसंगच्या रस्त्यावर न झालेली शर्यत

माघ उतरणीला लागला की सोलापूरच्या पूर्वेकडून एक बारीक, कोरडी, किंचित गोडसर वासाची धूळ येऊ लागते. ही रस्त्याची धूळ नव्हे. ज्वारीची कणसे बडवताना जो भुसा उडतो, त्याची ही धूळ. ती कॉलरच्या आत शिरते, मानेला खाजवते आणि पाण्याने धुतली तरी संध्याकाळपर्यंत सोबत राहते. आता मळणीयंत्रे आली. एका शेताचे काम दुपारच्या आत उरकते आणि भुसा एका जागी ढीग होऊन पडतो. तरीही ती धूळ दरवर्षी न चुकता येते आणि दरवर्षी मला त्या एका हंगामात नेऊन सोडते. माझे वय आता अशा खेपा घालण्याचे राहिलेले नाही. जावे लागते, म्हणून जातो.

यंदा खरोखरच वळसंगला जावे लागले. मल्लप्पा गेल्याचा निरोप आला होता. वळसंगचा हा शेतकरी माझ्याहून वयाने मोठा आणि माझ्याहून पुष्कळच चिवट. त्याच्या घरी दोन शब्द बोलून यावे, हा शिष्टाचार झाला. पण मी केवळ शिष्टाचारासाठी गेलो नव्हतो. मल्लप्पाच्या मागे एका गोष्टीवरचे कुलूप निघणार होते आणि ते निघण्याची वाट पाहत मी म्हातारा झालो होतो. एखाद्याच्या मरणाची वाट पाहिली असे लिहिणे शोभत नाही, हे मला कळते. परंतु शोभण्याजोगे लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी शोभण्याजोगे सांगितले, त्यांनीच माझ्या नावाची वाट लावली.

नवी पेठेत आमच्या शेठचे मोटारसायकलींचे दुकान होते. पुढे काउंटर, मागे पत्र्याची शेड. गाड्या रेल्वेने लाकडी चौकटींत बांधून येत. शेडमध्ये त्या सोडवायच्या, जोडायच्या आणि गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी आम्ही दोघांनी चालवून तपासायच्या. दोघे म्हणजे सिद्राम आणि मी. हल्ली 'टेस्ट राइड' म्हणून जो प्रकार चालतो, त्यात कुणीही उठतो, चौकापर्यंत एक गिरकी मारतो आणि आरशात स्वतःचे केस पाहून परत येतो. आमची तपासणी तशी नव्हती. आम्ही गाडी पसंत करण्यासाठी चालवत नसू. तिच्यात खोट कुठे आहे, हे ऐकण्यासाठी चालवत असू.

गाड्यांना आम्ही कंपनीच्या नावाने हाक मारत नसू, इंजिनाच्या मापाने मारत असू. पावणेदोनशे, अडीचशे आणि साडेतीनशे. पावणेदोनशे म्हणजे दूधवाल्याची, तलाठ्याची, शाळामास्तराची गाडी. तिचा आवाज सरळ, कष्टाळू. चढावर ती कुरकुरे, पण थांबत नसे. अडीचशेचे काम निराळे. तिचा किकचा दांडाच खाली पाडला की गिअरचा दांडा होई. डाव्या टाचेखाली ती एका झटक्यात जागी होई आणि तिच्या जोड नळ्यांतून निळसर धूर व जळक्या तेलाचा एक वास निघे. तो वास मला आजही देवघरातल्या धुपाइतका ओळखीचा आहे. आणि साडेतीनशे! तिची किक उजवीकडे, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. म्हणजे सगळेच इतर दोघींच्या उलट. दिव्याजवळच्या काचेतला विजेचा काटा मध्यावर आणायचा, बोटाखालची कळ दाबून इंजिनातला कोंडलेला दम सोडायचा आणि मग सगळे अंग टाकून किक हाणायची. बेत चुकला तर ती उलटी लाथ मारी. त्या लाथेने घोटा सुजवून घेतलेले पुष्कळ पैलवान मी पाहिले आहेत. सिद्रामला मात्र तिने कधी लाथ मारली नाही. तो तिला मारतच नसे, नुसता तिच्यावर उभा राही आणि आपले वजन तिच्या स्वाधीन करी. ती धडधडू लागली की शेडच्या पत्र्याला कंप सुटे आणि समोरच्या कापडदुकानातले गुमास्ते गजावरून मान वर काढत.

म्हणून साडेतीनशे सिद्रामची आणि उरलेल्या दोन्ही माझ्या, अशी वाटणी झाली होती. ही वाटणी शेठने केलेली नव्हती, आम्ही केली होती. माझ्या पदरी कमी पडले, असे ज्यांना वाटते त्यांनी खुशाल वाटून घ्यावे.

तपासणीची आमची एक रीत होती आणि सगळा घोळ त्या रीतीतून उद्भवला. नवी गाडी पुढे जायची आणि दुसऱ्याने दुसऱ्या गाडीवर तिच्या मागून जायचे. चालवणाऱ्याला गाडी हातापायांतून कळते. पण तिचे मागचे चाक रेघेत पळते की नाही, धुराचा रंग काय, साखळी कुठे उडते, हे मागच्यालाच दिसते. वळसंगपर्यंत असे जायचे, चिंचेखाली थांबायचे, इंजिनावर हात धरून ताप पाहायचा, एकमेकांना सांगायचे आणि परत फिरायचे. रस्त्याकडेच्या शेतांतल्या लोकांना काय दिसे? दोन मोटारसायकली, एकीमागे एक, रोज. त्यांनी तिला शर्यत म्हटले. बघणाऱ्याला चूक म्हणता येत नाही, पण बघणे आणि कळणे यांत अंतर असते. नव्या इंजिनाला धाप लागेल असा वेग द्यायचाच नसतो. दिला तर पिस्टन तापून जागीच धरतो आणि गाडी गिऱ्हाइकाकडे जाण्याऐवजी पुन्हा शेडमध्ये येते. नव्या साडेतीनशेची शर्यत लावणारा माणूस तपासनीस नव्हे, मूर्ख असतो. आजवर मला ज्यांनी ज्यांनी शर्यतवाला म्हटले, त्यांनी नकळत मला मूर्खही म्हटले आहे.

तो हंगाम बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. त्याआधी आम्ही याच रस्त्यावरून खडी फोडणाऱ्या माणसांच्या रांगांमधून गाड्या नेल्या होत्या. हॉर्न वाजवायलाही लाज वाटे. आणि त्या वर्षी एकाएकी दोन्ही बाजूंना ज्वारी उभी राहिली, पुरुषभर उंच, कणसांच्या भाराने वाकलेली. काढणी झाली तशी माणसांनी कणसे डांबरी रस्त्यावर आणून पसरली. बैल दुष्काळात छावण्यांत खंगले होते, काहींचे विकले गेले होते; खळ्यात पात धरायला, कणसांवरून गोल फिरवायला, जनावर नव्हते. पण रस्त्यावरून एसटी जाई, ट्रक जात. त्यांच्या चाकांखाली कणसे आपोआप मळली जात. शेतकरी कडेला बसून राही, एखादी गाडी गेली की उठे, दाताळ्याने कणसे उलटीपालटी करी आणि पुन्हा बसे. त्यात याचनेचा लवलेशही नव्हता. पीक आल्याचा असा काही तोरा त्या बसण्यात होता की ड्रायव्हरही चाके मुद्दाम कणसांवरून घेत.

मोटारसायकलवाले मात्र बगल देऊन जात. दोन चाकांच्या गाडीला पसरलेले धान्य म्हणजे धोका. सिद्राम बगल देत नसे. तो त्याच वळसंगचा. वाहन कणसांवरून न नेणे हे त्याला दारातल्या पाहुण्याला पाणी न विचारण्यासारखे वाटे. तो वेग उतरवी, दोन्ही पाय खाली सोडून जवळजवळ चालतच साडेतीनशे कणसांवरून नेई, आणि मल्लप्पा कडेने ओरडे, "सिद्रामण्णा, बर्री बर्री! या, हितनं घ्या की! लई जड गाडी हाय, दोन बैलांचं काम करती!"

"बैलाला वैरण लागती, मल्लप्पा. हिला पेट्रोल. कोण घालनार, तू?"

"कडबा टाकतो की! खाती का बघ!"

मी मागून, बगलेने जाई. मला हे पसंत नव्हते आणि मी तसे सांगतही असे. चिंचेखाली सिद्राम चाकांच्या तारांत अडकलेला भुसा फडक्याने पुसायचा. शेठला दिसला असता तर दोघांचीही धडगत नव्हती. मी म्हणायचो, "सिद्राम, टायर नवं आहे. त्यावरची चकाकीसुद्धा गेलेली नाही. एक दिवस आपटशील."

तो हसून म्हणायचा, "दत्ता, तू शहरातला मानूस. तुला धान्य पोत्यातच दिसतं."

त्या सकाळी काय झाले, ते मी शक्य तितके जपून लिहितो. कारण पाहणारे तिघेच होतो आणि त्यांतला आता मी एकटा उरलो आहे. सिद्राम नव्या साडेतीनशेवर पुढे. मी अडीचशेवर मागे, नेहमीच्या अंतरावर. मल्लप्पाने नेहमीच्या जागी कणसे पसरली होती. मात्र त्या दिवशी त्यांच्या पुढे, त्याच ओळीत, करडई होती. आमच्याकडे ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरतात. तिचे काटे जनावराला आत येऊ देत नाहीत. काटेरी झाडे रस्त्यावर असती तर सिद्रामने दुरूनच ओळखली असती. पण मल्लप्पाने ती बडवून, काड्या बाजूला सारून ठेवल्या होत्या. डांबरावर उरले होते नुसते दाणे. पांढरे, टणक, तुळतुळीत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते मला मागूनही दिसले नाहीत. सिद्राम कणसांवरून सावकाश गेला, मल्लप्पाने त्याला हात केला आणि पुढचे चाक करडईवर गेले. चाक वळले नाही, घसरलेही नाही म्हणायचे. ते सरळ नाहीसेच झाले. गाडी आडवी झाली आणि सिद्रामचा उजवा पाय तिच्याखाली राहिला. धावत सुटलेला माणूस आमच्या पुढे गेला असता, इतका आमचा वेग होता.

काहींचे म्हणणे असे की सकाळी पावणेदोनशे चालवल्यामुळे सिद्रामचे पाय चुकले, ब्रेक समजून त्याने गिअर दाबला. हे म्हणणारे आमच्याच दुकानातले. त्यांना सांगतो, सिद्रामचे पाय झोपेतसुद्धा चुकले नसते. आणि पावणेदोनशे त्याने त्या सकाळी चालवलीच नव्हती. ती मी चालवली होती.

येणारा एक ट्रक थांबवून आम्ही त्याला शहरात आणले. मल्लप्पा ट्रकच्या मागच्या भागात सिद्रामचा पाय मांडीवर धरून बसला होता. सबंध वाटेत तो एकच वाक्य कानडीत पुटपुटत होता. मी अर्थ विचारला नाही. दवाखान्यात शेठ आला. शेठ वाईट माणूस नव्हता, पण तापट होता. आणि आपला सर्वांत चांगला माणूस आडवा पडलेला पाहून त्याचा ताप डोक्यात गेला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "रस्त्यावर माल कुणी पसरला होता? नाव सांग. आजच्या आज पोलिसात देतो."

मल्लप्पा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याच्या धोतराला अजून करडईचे दाणे चिकटलेले होते. त्याने तोंड उघडले आणि त्याआधीच सिद्राम म्हणाला, "रस्त्यावर काय नव्हतं, शेठ. आमची शर्यत लागली हुती."

मी म्हणालो, "शेठ, हे खोटं आहे."

शेठने माझ्याकडे पाहिले. "पडलेला माणूस खोटं बोलतो, आणि उभा असलेला खरं?"

 

त्या पाडव्याला नवी पेठेत गाड्यांना हार घातले गेले, नारळ फुटले, गिऱ्हाइकांच्या बायका हँडलवर हळदकुंकवाची बोटे उमटवून मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. आणि मी काउंटरमागे उभा राहून क्लचच्या तारा आणि प्लग विकत होतो. शेठने माझ्या गाड्या काढून घेतल्या होत्या. शेडमधून पावणेदोनशेचा आवाज येई आणि मला मान न वळवता कळे की ती जास्त तेल पीत आहे. सांगायला जीभ उचलत नसे. गिऱ्हाइके मला निरखून पाहत आणि आपापसात म्हणत, हाच तो शर्यतवाला. पुढल्या वर्षी गाड्या परत मिळाल्या, पण नाव तेच राहिले. सोलापुरात माणसाला एकदा नाव पडले की ते त्याच्या चितेपर्यंत चालत जाते.

त्याच उन्हाळ्यात मी भांडायला वळसंगला गेलो होतो. सिद्राम कडुनिंबाखाली खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये. मी काय काय बोललो ते सगळे येथे देण्यासारखे नाही. त्याने ते संपेपर्यंत ऐकले.

"झालं का?" तो म्हणाला. "आता माझं ऐक. शेठनं त्याला पोलिसात दिला असता का न्हाई?"

"दिला असता."

"दोन वर्सं खडी फोडून एक पीक आलं त्याला. ते सोडून तो कोर्टात बसला असता. आनि गावानं मला इचारलं असतं, सिद्राम, तू वरनं गेलास कशाला? मल्लप्पानं बोलावलं म्हनून? मग मल्लप्पाला या गावात ऱ्हाता आलं असतं व्हय?"

"आणि माझं नाव?"

"तुझ्या नावाला काय झालंय? शर्यत म्हंजे चोरी हाय का?"

"माझ्या धंद्यात चोरीपेक्षा वाईट."

तो म्हणाला, "मल्लप्पा हाय तवर तोंड उघडू नको, दत्ता. मागनं सांग सगळ्यास्नी."

मी शब्द दिला. रागात दिला, पण दिला. सिद्रामचा पाय पुढे कधी वाकला नाही. साडेतीनशेला उजवा पाय लागतो; तिच्यावर तो पुन्हा उभा राहिला नाही. गावात त्याने पिठाची गिरणी घातली आणि तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत उरलेले आयुष्य काढले. तो कोणालाही शर्यतीची हकीकत मोठ्या चवीने सांगे. माझ्या देखतही सांगे आणि सांगताना माझ्याकडे न पाहण्याची काळजी घेई. साडेतीनशे मीच चालवू लागलो, तेव्हा लोक म्हणाले की त्याला पाडून जागा बळकावली. हेही ऐकून घेतले.

मल्लप्पाकडून दर हंगामात एसटीच्या कंडक्टरबरोबर ज्वारीची एक पिशवी येई. तिच्या भाकरी उत्तम होत. ज्वारी आली, कबुली आली नाही. सिद्राम माझ्या आधी गेला. शेठ गेला, दुकान गेले. त्या जागी आता मोबाइल विकतात. ज्यांच्या नजरेत मला माझे नाव धुऊन हवे होते ती माणसे एकेक करून निघून गेली आणि मल्लप्पा मात्र दर माघात ठणठणीत. दिलेला शब्द असा माणसाच्या उरावर बसून जगतो, हे मला शब्द देताना ठाऊक नव्हते.

असा मी परवा त्याच्या दारात उतरलो. त्याच्या मुलाने, शिवानंदने, मला ओळखले. तो आता स्वतःच पन्नाशीच्या पुढचा आहे. खुर्ची दिली, पाणी दिले. मल्लप्पाच्या फोटोला हार होता. मी दोन शब्द बोललो आणि मग ज्यासाठी आलो होतो त्याकडे वळलो. म्हटले, "शिवानंद, तुझ्या वडिलांनी त्या सकाळची गोष्ट तुला कधी सांगितली?"

"सांगितली म्हंजे?" त्याचा चेहरा उजळला. "दर मळणीला सांगायचे की! तुमची शर्यत त्यांनी डोळ्यांनी बघितल्याली. सिद्रामअण्णांची मोठी गाडी, तुमची बारकी, तरी तुमी पुढं. वाऱ्यागत गेलाव म्हनायचे. अण्णा तुमास्नी गाठायला गेले आनि पडले."

मी खुर्चीचे हात धरून बसलो. ज्या माणसाला वाचवण्यासाठी ती शर्यत जन्माला आली, त्यानेच ती पाहिली होती! एवढ्या वर्षांत त्याने ती इतक्या वेळा सांगितली होती की करडई तिच्यातून गळून पडली होती. आणि त्या शर्यतीत मी जिंकत होतो. अडीचशेवर बसून साडेतीनशेच्या पुढे. क्षणभर, खोटे कशाला सांगू, ते ऐकायला बरे वाटले. पण तेही मला नको होते. जे मी केले नाही त्याचा दोष नको आणि जे मी केले नाही त्याचा मानही नको.

मी शक्य तितक्या शांतपणे सगळे सांगितले. नवे इंजिन, नवे टायर, कणसे, त्यांच्या पुढची करडई. "मी पुढे नव्हतो," मी म्हणालो. "मी मागे होतो. माझी जागाच मागे होती. शर्यत नव्हती, शिवानंद."

त्याने सगळे ऐकले. मग अतिशय आदराने, जवळजवळ हळवा होऊन, म्हणाला, "व्हय, व्हय. वडील सांगायचेच. म्हनायचे, दत्ता काका लई मोठ्या मनाचा मानूस. जिंकलं तरी कबूल करनार न्हाई. सिद्रामअण्णांचा पाय गेला ना, म्हनून."

बाहेर कुठेतरी मळणीयंत्र चालू होते आणि त्याचा आवाज भिंतीतून येत होता. मी उठलो. टोपी घातली. काठी शोधू लागलो.

शिवानंदने आत हाक मारली, "अगं, च्या टाक लवकर! शर्यतवाले काका निघालेत."

मी टोपी काढली आणि पुन्हा बसलो.